बर्फाची गाडी येईपर्यंत

बर्फाची गाडी साकोलीहून चारला निघते,
म्हणजे सहाला येते, म्हणजे सात.
तोवर बोडीच्या पाळीवर आम्ही पाचसहा जण,
टोपल्यांत रोहू, कटला,
एखादी मरळ अजून शेपटी आपटणारी,
आणि वाद.

वाद पोळ्यापासून एकच :
जगातली सगळ्यात मोठी आरमारी लढाई कोणती.
सुरू कोणी केला, आता कोणी कबूल करत नाही.
समुद्र आमच्यातल्या एकानंच पाहिलाय,
आणि तो बोलत नाही.

वलथरे मास्तर खांदेरीचे.
"होड्या केवढ्या? डोंग्याहून चार हात मोठ्या.
समोर इंग्रजांची गलबतं, तोफा.
आन् हे रातच्याले अंधारात बेटावर दाना पोचवत, दगड पोचवत.
लढाई कायची गा, बांधकाम होतं ते!"
मास्तरांचं घर तीन वर्षं स्लॅबवर अडलंय,
त्यामुळे बांधकाम हा शब्द ते जरा जोरात म्हणतात.

नीलकंठ परीक्षेचा अभ्यास करतो,
त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला चार पर्याय.
"त्सुशिमा. रशियाचं आरमार अर्ध्या पृथ्वीले वळसा घालून आलं,
आन् दोन दिवसांत बुडालं."
"आमच्या लाखांदूरच्या वऱ्हाडावानी," यशवंता म्हणाला,
"रातभर हिंडलं, पोचलं तेव्हा पंगती उठल्या होत्या."

भागरता शिंगाडे सोलते. तिची नखं काळी.
ती वादात नसते, फक्त मध्येच विचारते :
"त्या पान्याचा ठेका कोनाकडं होता?"
यावर मास्तरही गप्प.
एवढी जहाजं, एवढे राजे, सालं पाठ,
आणि ठेका कोणाकडे, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

मग एका थंडीच्या सकाळी नीलकंठनं फोनवरून वाचलं :
चीन, तेराशे त्रेसष्ट, लाखो माणसं, जळती गलबतं.
समुद्रात नाही.
तळ्यात.
"गोड्या पान्यात?" यशवंतानं दोनदा विचारलं.
आम्ही सगळे वळून बोडीकडे पाहिलं,
ती नेहमीसारखीच होती,
पलीकडे बेशरमाची झाडं, दोन बगळे,
कोणाचं तरी उलटं पडलेलं घमेलं.

"मंग आपली कायले नाई धरत?" यशवंता उठून उभा.
ठेकेदाराची मोटारबोट आली होती ते साल.
आमचे अकरा डोंगे, एक फुटका.
बोट मध्यावर गेली आणि पंख्यात कमळाचे देठ गुंतले.
आम्ही पोचेस्तोवर ती स्वतःभोवती फिरून थांबलेली.
"त लढलं कोन?" भागरता.
"देठ," मास्तर म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.
केस भंडाऱ्याला अजून चालू आहे.

तेव्हा हिवराज दिघोरे बोलला,
जहाजावर पंधरा वर्षं भटारखान्यात होता तो,
एकाहत्तरच्या डिसेंबरातही.
"मी काई नाई पाह्यलं.
खाली होतो. कांदे चिरत.
वरून सांगनं आलं, दिवे बंद.
मंग अंधारातच चिरले. बोट कापलं, समजलंच नाई.
सकाळी लोक म्हने जितलो.
मी म्हटलं, बरं, जेवनार किती?"

डाव्या हाताचं बोट त्यानं वर केलं नाही,
पण आम्हाला ते माहीत होतं. मासे मोजताना
तो चारच्या पुढे नेहमी अडखळतो.

गाडी आली. सात वाजून वीस.
चार लाद्या मागवल्या होत्या, साडेतीन उतरल्या,
बाकी रस्त्यानं पाणी.
ड्रायव्हर म्हणाला, काय चाललंय?
कोणीच सांगितलं नाही.

मी सोसायटीचा सचिव. वहीत लिहिलं :
कटला एकवीस किलो, रोहू चौदा, मरळ एक, जिवंत.
बर्फ अर्धी लादी कमी, पैसे कापावेत.
खाली जागा उरली होती, म्हणून :
लढाईचा विषय पुढच्या सभेत.
हिवराजला विचारावे,
अंधारात कांदे किती चिरले.